ऑर्केस्ट्रासोबत सोलो: ट्रम्पेट, कॉर्नेट, फ्लुगलहॉर्न की युफोनियम?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वेंगुर्ल्याकडच्या बँड पार्टीत तुम्ही दहा-बारा वर्षं ट्रम्पेट वाजवताय. वरात, गणपती, तेरेखोलपलीकडे गोव्यात फेस्ताच्या दिवशी पहाटेची आल्व्होराद, सगळं करून झालंय. नोटेशन वाचता येतं. डिसेंबरात पणजीला पंचवीस-तीस तंतुवादकांच्या वाद्यवृंदासोबत पाचेक मिनिटांचा सोलो वाजवायचं बोलावणं आलंय. कंडक्टरनं संगीतकार हायडनच्या ट्रम्पेट कॉन्चेर्टोचा (वाद्यवृंदासोबतच्या सोलो रचनेचा) दुसरा, संथ भाग सुचवला, आणि ‘नाहीतर शांत, गाण्यासारखं दुसरं काही चालेल’ असंही सांगितलं. घरात मेरठचा बी फ्लॅट ट्रम्पेट आहे, बँडचा तीन वॉल्व्हचा (बोटानं दाबायच्या झडपांचा) युफोनियम, म्हणजे छोट्या ट्युबासारखं वाद्य, मिळू शकतो. एक जण म्हणतो, हायडनला ई फ्लॅट ट्रम्पेटच लागतो, विकत घ्या. दुसरा म्हणतो, फ्लुगलहॉर्न बघा, गोड वाजतो. मग नेमकं काय उचलायचं?

माझं मत आधीच सांगतो: बी फ्लॅट ट्रम्पेटच. फक्त तो तुमच्या घरातलाच असेल की उसना आणावा लागेल, हे दोन-तीन चाचण्यांवर अवलंबून आहे. त्या पुढे देतो. नवं वाद्य विकत घेण्याचा विचार डिसेंबरपर्यंत डोक्यातून काढून टाका.

‘ऑर्केस्ट्रा’ या शब्दानं आपल्याकडे घोळ होतो. जत्रेत रात्री स्टेजवर होतो तो ऑर्केस्ट्रा म्हणजे कीबोर्ड, ऑक्टोपॅड, दोन गायक आणि मागे साउंडवाला. तिथे ट्रम्पेट माइकमध्ये वाजतो. जास्त झाला तर साउंडवाला खाली घेतो, कमी पडला तर वर उचलतो. पणजीत तुमच्यापुढे बहुधा माइक नसेल. मागे व्हायोलिनवाले हळू वाजवत असतील आणि समतोल तुमच्या श्वासानंच साधायचा असेल. रस्त्यावरच्या बँडमध्ये ढोल आणि ताशाला भेदून जाणं हे ट्रम्पेटचं काम. इथे नेमकं उलटं. म्हणून ‘कोणतं वाद्य?’ विचारताना खरा प्रश्न वेगळाच असतो: कोणत्या वाद्यावर मला हळू, लांब आणि सुरात वाजवता येतं, आणि तेही पाचव्या मिनिटाला ओठ थकलेले असताना?

पट्टीचा हिशेब पेटीच्या भाषेत करू, म्हणजे गोंधळ होणार नाही. बी फ्लॅट ट्रम्पेटवर एकही वॉल्व्ह न दाबता जो ‘सी’ वाचून वाजवता, तो पेटीवर काळी पाच असतो. ई फ्लॅट ट्रम्पेटवर तोच लिहिलेला ‘सी’ वाजतो काळी दोनमध्ये, वरच्या बाजूला. सी ट्रम्पेटवर लिहिलेलं आणि वाजलेलं एकच, पांढरी एक. हायडनच्या कॉन्चेर्टोचे पहिला आणि तिसरा भाग काळी दोनमध्ये आहेत, संथ भाग काळी चारमध्ये, म्हणजे ए फ्लॅटमध्ये.

आता ई फ्लॅटच्या सल्ल्याकडे. त्यात अर्धं तथ्य आहे. हायडननं हा कॉन्चेर्टो १७९६ साली लिहिला तो व्हिएन्नाच्या आंटोन वायडिंगरसाठी. त्याचा ट्रम्पेट ई फ्लॅटचा होता खरा, पण त्याला वॉल्व्ह नव्हते. नळीला भोकं पाडून त्यांवर क्लॅरनेटसारख्या चाव्या बसवलेल्या होत्या. वॉल्व्हचं पेटंट श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल यांनी घेतलं ते १८१८ मध्ये. शिवाय वायडिंगरच्या वाद्याची नळी आजच्या ई फ्लॅट ट्रम्पेटच्या साधारण दुप्पट, दोन मीटरहून लांब होती. त्यामुळे ‘मूळ वाद्य ई फ्लॅट, म्हणून तुम्हीही ई फ्लॅट’ या म्हणण्यात दम नाही. आज सोलोवादक ई फ्लॅट घेतात त्याचं कारण साधं आहे. पहिल्या आणि तिसऱ्या भागात वरचे सूर वारंवार येतात. नळी आखूड असली की ते सूर हार्मोनिक मालिकेत, म्हणजे एकाच नळीतून वॉल्व्ह न बदलता निघणाऱ्या नैसर्गिक सुरांच्या क्रमात, खालच्या पायरीवर येतात, शेजारच्या सुरावर घसरण्याचा धोका कमी होतो. म्हणजे तो सुरक्षिततेचा उपाय आहे. संथ भागाला त्याची गरज नाही. तो गळ्याच्या पट्ट्यात फिरतो.

उलट संथ भागाला बी फ्लॅट जास्त जुळतो, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे. बी फ्लॅट ट्रम्पेटवर पहिला वॉल्व्ह दाबला की नळी एका पूर्ण स्वरानं उतरते, म्हणजे काळी पाचची काळी चार होते. तुमच्या भागाची पट्टीही काळी चारच. लिहिलेलं असेल बी फ्लॅट मेजरमध्ये. षड्ज, पंचम, वरचा षड्ज आणि गंधार हे चारही एकट्या पहिल्या वॉल्व्हवर, एकाच नळीच्या नैसर्गिक सुरांत मिळतात. त्यातला गंधार, म्हणजे लिहिलेला चौथ्या रेघेवरचा ‘डी’, हा त्या नळीचा पाचवा हार्मोनिक. तंबोऱ्याचा खर्ज नीट लागला की स्वयंभू गंधार ऐकू येतो ना, तोच हा. ट्यूनरवर हा सूर चौदा सेंटनं, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शानं, उतरलेला दिसतो. पुष्कळ जण ट्यूनर बघून तो ओठानं वर ढकलतात. पण मागे तंतुवाद्यांचा ए फ्लॅटचा कॉर्ड चालू असेल आणि तुम्ही गंधारावर थांबला असाल, तर तो उतरलेलाच गोड लागतो. व्हायोलिनवालेही तिथे तसाच घेतात. ई फ्लॅट ट्रम्पेटवर हाच सूर पहिला-दुसरा वॉल्व्ह मिळून वाजतो आणि उलट किंचित चढतो. तिथे तुम्हाला सांभाळत बसावं लागेल.

एक सावधगिरी. मधल्या भागात संगीत दूरच्या, भरपूर फ्लॅट असलेल्या पट्टीत जातं. तिथे हा फायदा संपतो. वॉल्व्हच्या जोड्या येतात आणि तुमच्या वाद्याचे खरे दोष उघडे पडतात.

ते दोष कुठून येतात ते बघू, कारण उसनं वाद्य तपासतानाही हेच उपयोगी पडेल. बी फ्लॅट ट्रम्पेटची नळी साधारण १४८ सेंटिमीटर. अर्धा स्वर उतरवायला नळी सुमारे सहा टक्के वाढवावी लागते, म्हणून दुसऱ्या वॉल्व्हची नळी पावणेनऊ सेंटिमीटरच्या आसपास असते, पहिल्याची अठरा, तिसऱ्याची अठ्ठावीसच्या जवळपास. एकेकटे दाबले तर हिशेब बरोबर. पण तिन्ही एकत्र दाबले की बेरीज होते पंचावन्न, आणि सहा अर्धे स्वर उतरायला लागतात एकसष्ट. सहा सेंटिमीटर कमी पडतात आणि सूर अर्ध्या स्वराच्या निम्म्यानं चढतो. म्हणूनच तिसऱ्या स्लाइडला, म्हणजे त्या वॉल्व्हच्या सरकत्या नळीला, बोट घालायची कडी असते. स्टाफच्या (नोटेशनच्या पाच रेघांच्या) खालचा ‘डी’ एक-तीनवर वाजवताना ती स्लाइड थोडी बाहेर, ‘सी शार्प’ला त्याहून बरीच बाहेर. कारखानदार तिसरी स्लाइड मुळातच थोडी लांब ठेवतात, त्यामुळे नेमकं किती हे प्रत्येक वाद्यावर ट्यूनर लावून एकदा शोधायचं आणि बोटाला लक्षात ठेवायला लावायचं. तुमच्या ट्रम्पेटची तिसरी स्लाइड जाम झालेली असेल, आणि बँडमधल्या दहातल्या आठ वाद्यांची असतेच, तर ते वाद्य या कामाचं नाही. आधी ती मोकळी करून घ्या. पक्कड लावू नका, नळी पिळवटते. जाम सांधे सोडवणारं पातळ तेल रात्रभर सांध्यात मुरू द्यायचं, सकाळी कडीत सुती पट्टी ओवून सरळ झटक्यानं ओढायची.

घरातल्या वाद्याची पहिली खरी चाचणी मात्र पट्टीची आहे. आपल्याकडच्या बँडांत अजूनही जुनी वाद्यं फिरतात, किंवा जुन्या साच्यांवर बेतलेली. ब्रिटिश लष्करी बँडांची जुनी पट्टी ‘ए’ला ४५२ कंपनांच्या आसपास होती, आणि तिकडच्या ब्रास बँडांनी ती १९६० च्या दशकापर्यंत सोडली नव्हती. आजची पट्टी ४४०. फरक जवळपास अर्ध्या स्वराच्या निम्मा. बँडमध्ये सगळ्यांचीच वाद्यं एका जातीची असतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. व्हायोलिनच्या शेजारी पहिल्या सुरालाच कळतं. चाचणी अशी करा: दहा मिनिटं वाजवून वाद्य तापवा, मोबाइलवर ट्यूनर ४४० ला लावा, डोळे मिटून मधला ‘सी’ आणि ‘जी’ सरळ, ओठ न ताणता वाजवा आणि मग बघा. ट्यूनरवर ‘बी फ्लॅट’ आणि ‘एफ’ दिसतील, घाबरू नका. ट्यूनिंग स्लाइड एक सेंटिमीटर ओढली की नळी दोन सेंटिमीटर वाढते आणि सूर अर्ध्या स्वराच्या सुमारे पाव हिश्शानं उतरतो. चांगला ट्रम्पेट एक ते दीड सेंटिमीटर बाहेर ओढल्यावर ४४० ला बसतो. तुमचा तीन-साडेतीन सेंटिमीटर ओढल्याशिवाय बसत नसेल, तर तो उंच पट्टीचा आहे. तेवढी ओढून वाजवता येईल असं वाटतं, पण वॉल्व्हच्या नळ्या जुन्याच मापाच्या राहतात, आणि मोकळे सूर जुळले तरी दाबलेले सूर विस्कटतात. अशा वाद्यावर हात मारत बसू नका, चांगलं उसनं आणा.

दुसरी चाचणी हवेची. पहिल्या वॉल्व्हची स्लाइड, वॉल्व्ह न दाबता, दोन सेंटिमीटर बाहेर ओढा, मनात पाच आकडे मोजा आणि मग वॉल्व्ह दाबा. ‘टप्’ असा आवाज आला तर पिस्टन हवा धरतो. काहीच आवाज नाही तर पिस्टन आणि नळकांडं झिजलंय. (काही नव्या वाद्यांच्या पहिल्या स्लाइडला मुद्दाम बारीक भोक असतं, तिथे ही चाचणी लागू नाही.) हवा सुटणारं वाद्य जोरात वाजतं, पण हळू वाजवायला गेलात की सूर उशिरा फुटतो आणि फुसफुसतो. संथ सोलोत तेच नको आहे. तिसरी चाचणी नजरेची: माउथपीस काढून त्या नळीकडे बघा. लॅकरखाली, म्हणजे वरच्या पारदर्शक थराखाली, गुलाबी ठिपके आणि त्यांच्या मधोमध काळा टिंब दिसला तर पितळेतलं जस्त निघून गेलंय, तांबं उरलंय. खाऱ्या हवेत, न धुतलेल्या नळीत हे लवकर होतं. आज वाजेल, पण ती नळी आतून सडतेय हे धरून चाला.

मेरठचा म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. जली कोठीच्या कारागिरांनी देशभरातल्या बँडांना वाद्यं पुरवली आहेत आणि त्यांच्यात हाताला चांगली लागलेलीही असतात. अडचण एवढीच की एकाच दुकानातले दोन नग सारखे नसतात. म्हणून नाव बघू नका, वरच्या तीन चाचण्या बघा.

बाकीच्या वाद्यांबद्दल. कॉर्नेट ही तुमची दुसरी चांगली निवड. पट्टी तीच, बोटं तीच, नळीची लांबीही ट्रम्पेटइतकीच, फक्त जास्त वेटोळी आणि जास्त भाग शंकूसारखा रुंदावत जाणारा. आवाजाची धार कमी, त्यामुळे तंतुवाद्यांत मिसळतो. गोव्यात जुन्या घरांत, चर्चच्या बँडांत चांगले कॉर्नेट सापडतात. पण ट्रम्पेटचं माउथपीस त्यात बसत नाही, कॉर्नेटचं बूड बारीक असतं. कागद किंवा टेप गुंडाळून बसवायचा उद्योग करू नका, सगळी सूरसंगती बिघडते. कॉर्नेट मिळाला तर त्याच्याच बुडाचं, पण तुमच्या सवयीच्या व्यासाचं माउथपीस मिळतंय का ते आधी पाहा.

फ्लुगलहॉर्न गोड वाजतो यात वाद नाही. मधल्या आणि खालच्या पट्ट्यात त्याच्याइतका मखमली आवाज दुसऱ्या कशाचा नाही. पण स्टाफच्या वरच्या ‘जी’च्या पुढे तो हलका पडतो आणि सूर भटकायला लागतात. शिवाय ट्यूनिंग पुढच्या नळीला, माउथपीस बसतं तिथेच, एका छोट्या स्क्रूनं करायचं असतं. तो स्क्रू सैल राहिला तर वाजवताना नळी आपोआप आत सरकत जाते आणि सूर हळूहळू चढतो. हायडन सोडून स्वतःच्या निवडीचं काही शांत वाजवणार असाल, आणि ते सगळं एका सप्तकाच्या थोडं पुढे-मागे असेल, तर फ्लुगलहॉर्नचा विचार करा. हायडनसाठी नको. ट्रम्पेटसाठी लिहिलेलं आहे, ऐकणाऱ्याला ट्रम्पेटच्या आवाजातली ती किंचित धार हवी असते.

युफोनियमवर मी थोडा थांबतो, कारण तो तुमच्याकडे आहे आणि ऑर्केस्ट्रात त्याला कमी लेखलं जातं. संगीतकार होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’ या वाद्यवृंद-रचनेत टेनर ट्युबाचा भाग युफोनियमवरच वाजतो. मुसोर्ग्स्की या संगीतकाराच्या ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ या पियानो-रचनेचं राव्हेल या फ्रेंच संगीतकारानं १९२२ मध्ये जे वाद्यवृंदीकरण केलं, त्यात बैलगाडीच्या तुकड्यात ट्युबाचा उंच सोलो आहे. तो राव्हेलच्या काळच्या छोट्या फ्रेंच ट्युबासाठी लिहिलेला, म्हणून आज बरेच वाद्यवृंद तो युफोनियमवाल्याला देतात. तेव्हा वाद्याची लायकी नाही असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. प्रश्न तुमच्या ओठांचा आहे. ट्रम्पेटच्या माउथपीसचा आतला व्यास सोळा-सतरा मिलिमीटर, युफोनियमचा पंचविसाच्या आसपास. दोन्ही एकाच काळात वाजवणारा माणूस दोन्हीकडे थोडा थोडा बिघडतो. आणि तीन वॉल्व्हच्या युफोनियमवर मघाचा वॉल्व्हच्या बेरजेचा घोळ सावरणं आणखी अवघड, कारण नळी जवळपास पावणेतीन मीटरची, म्हणून कमी पडणारी लांबी जवळपास दुप्पट, आणि तिसऱ्या स्लाइडला बोटाची कडी नसते. खालचे सूर ओढून आणायला हातात काहीच नाही. चौथा वॉल्व्ह आणि भरपाईची जादा नळी असलेला युफोनियम असता तर गोष्ट वेगळी.

ट्रॉम्बोनचं एका वाक्यात: वाजवत नसाल तर तीन महिन्यांत शिकून सोलो करू नका. पण हे नमूद करतो की कंडक्टरच्या ‘गाण्यासारखं काही’ या सवलतीखाली एखादं नाट्यपद घ्यायचं मनात असेल, तर मींडेचं वाद्य तेच आहे. स्लाइड सरकवून तीन पूर्ण स्वरांपर्यंतची मींड अखंड निघते. ट्रम्पेटवर मींड म्हणजे ओठानं ओढलेला अर्धा स्वर किंवा अर्धवट दाबलेला वॉल्व्ह, त्यापलीकडे नाही. त्यामुळे ट्रम्पेटवर पद घेतलंत तर खटक्या-मुरक्यांचं घ्या, लांब मींडांचं नको. पट्टी निवडायची मुभा मिळाली तर पांढरी चार, काळी पाच किंवा काळी दोन मागा. तुमची बोटंही सुखात आणि तंतुवाद्यंही. पेटीवाल्याच्या सवयीनं काळी एक मागितलीत तर व्हायोलिनवाले मनात शिव्या देतील.

फ्रेंच हॉर्नचा विचारही करू नका. त्याचे हार्मोनिक्स इतके जवळजवळ असतात की जन्मभर वाजवणाऱ्यांचाही सूर निसटतो.

इथवर आलात तर निर्णय झाला: बी फ्लॅट ट्रम्पेट, चाचण्यांत पास झाला तर घरचा, नाहीतर उसना; पर्याय कॉर्नेट. यापुढचं निम्मं यश माउथपीसमध्ये आहे. स्वस्त ट्रम्पेटबरोबर येणारं बिनखुणेचं माउथपीस बहुतेकदा उथळ आणि काठाला धारदार असतं. वरातीत ते बरं पडतं, आवाज कापत जातो. संथ सोलोला बाख या माउथपीस कंपनीच्या मापातलं ५सी किंवा ३सी पाहा, किंवा त्याच मापाचं दुसऱ्या कंपनीचं. ७सी वाजवत असाल आणि आवाज गोल असेल तर बदलूही नका. फार मोठ्या व्यासाचं घेऊ नका, आवाज जाड होईल पण चौथ्या मिनिटाला ओठ सोडतील. बदलायचंच तर पितृपक्षात बदला. तेव्हा सुपाऱ्या नसतात, ओठाला नवा काठ ओळखायला पंधरा दिवस मिळतात. तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई सुरू होईल, तेव्हा माउथपीसला हात लावायचा नाही.

लगीनसराईचं आणखी एक. रस्त्यावर दोन तास पूर्ण जोरात वाजवलेला ओठ दुसऱ्या दिवशी हळू आवाज काढत नाही. आतून सुजलेला असतो, बाहेरून कळत नाही. कार्यक्रमाच्या आधीचे तीन दिवस वरातीची सुपारी घेऊ नका, पैसे बुडाले तरी. सरावात जितकी मिनिटं वाजवाल तितकीच मिनिटं वाद्य खाली ठेवा. आणि वाजवताना डाव्या हाताची पकड पाहा. वरच्या सुराला ट्रम्पेट दातांवर दाबायची सवय बँडमध्ये सगळ्यांना लागते. हात सैल ठेवून जो सूर निघत नाही, तो सोलोत धरू नका.

हळू वाजवण्याचा सराव असा: एकच सूर, पूर्ण श्वास, सुरुवात ‘तु’ऐवजी ‘दु’ अशा जिभेनं, बारा सेकंद, आवाज वाढवायचा नाही आणि शेवट तोडायचा नाही, विरवायचा. पहिल्या आठवड्यात आठ सेकंद जमले तरी चालतील. हा सराव बाहेर अंगणात करू नका. उघड्यावर आवाज परत येत नाही आणि माणूस नकळत जोर लावतो. चिऱ्याच्या भिंतीच्या बंद खोलीत करा.

उकाड्याचा हिशेबही धरा. नळीतली हवा तापली की सूर चढतो. हवा वीसवरून बत्तीस अंशांवर गेली तर कागदावर हा फरक अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाइतका येतो. आपल्या श्वासानं नळी आधीच ऊबदार असते, म्हणून प्रत्यक्षात कमी, पण कानाला कळेल इतका. वर तारा उष्णतेनं सैल होऊन उतरतात. तुम्ही चढता, ते उतरतात. उलट एसी सभागृहात बराच वेळ हातात धरून उभं राहिलात तर वाद्य गार पडून तुम्ही खाली येता. म्हणून आपली पाळी येईपर्यंत अधूनमधून नळीत नुसती गरम हवा सोडत राहायचं, आवाज न करता. कंडक्टरला आधीच विचारून घ्या की पट्टी ४४० ठेवतात की ४४२. ४४२ असेल तर ट्यूनिंग स्लाइड साडेतीनेक मिलिमीटर आत.

एसीवरून आठवलं: वॉल्व्हमध्ये खोबरेल घालणारे अजून आहेत. कोकणात खोबरेल घरचं, म्हणून हात तिकडेच जातो. ते साधारण चोवीस अंशांखाली थिजतं. वेंगुर्ल्यात पिस्टन सुळसुळीत चालेल आणि पणजीच्या थंड सभागृहात वॉल्व्ह अर्ध्यात अडकेल. वॉल्व्ह ऑइलची छोटी बाटली आणा, प्रत्येक पिस्टनला तीन-चार थेंब, पिस्टनवरचा १, २, ३ आकडा बघून त्याच नळकांड्यात आणि खाचेत ‘टक’ बसेपर्यंत फिरवून. शिवणयंत्राचं तेलही नको, ते जाड असतं. तेल घालायच्या आधी आतलं जुनं खोबरेल कोमट साबणाच्या पाण्यानं आणि लांब ब्रशनं धुऊन काढा, नाहीतर दोन्ही मिळून चिकटा होतो. गरम पाणी नको, लॅकर सुटतं. आणि कार्यक्रमाला चमकावं म्हणून चिंच, आमसूल किंवा पितांबरी लावू नका. देवाची समई उजळते, पण ट्रम्पेटचं लॅकर ओरखडतं, आणि आंबट पाणी सांध्यांतून आत गेलं तर पिस्टनवर पुटं धरतात.

सभागृहात तालमीच्या दिवशी दोन गोष्टी करून घ्या. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर ठेवा आणि सोलोची पहिली सोळा मापं वाद्यवृंदासोबत वाजवून ऐका. तुम्हाला स्वतःला फारच हळू वाटत असेल आणि मागे नीट ऐकू येत असेल, तर तेवढंच. मग भोंग्याची दिशा ठरवा. सरळ श्रोत्यांकडे धरलात तर धार जास्त लागते, व्हायोलिनवाल्यांकडे वळवलात तर त्यांना स्वतःचं ऐकू येत नाही. साधारण तीस अंश बाजूला आणि किंचित खाली, नोटेशनचा स्टँड भोंग्याच्या आड येणार नाही इतका उतरवून. स्टँड पत्र्याचा असेल तर त्यावर जाड कापड टाका, नाहीतर आवाज त्यावर आपटून तुमच्याच कानात येतो आणि तुम्ही विनाकारण आणखी हळू होत जाता.